सूटमधला बटलर, बिलातला सर्व्हिस चार्ज आणि घरातला वाद

पत्र: मी ठाण्याची निवृत्त शिक्षिका आहे. माझे यजमान बँकेतून निवृत्त झाले. येत्या जूनमध्ये आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त सिॲटलजवळ राहणाऱ्या आमच्या मुलाने अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझवर मोठा सूट, म्हणजे बोटीवरचे ऐसपैस दालन, आरक्षित केला आहे. आम्ही दोघे, मुलगा, सून आणि दोन वर्षांचा नातू असे जाणार आहोत. या सूटला बटलर, म्हणजे दिमतीचा सेवक, असतो आणि आरक्षणे वगैरे पाहणारे कॉन्सिएर्ज म्हणूनही कोणी असते, असे कळले. बिलात चार मोठ्या माणसांसाठी माणशी रोज २५ डॉलर सर्व्हिस चार्ज धरलेला आहे. एकूण ७०० डॉलर झाले आणि त्यावरून घरात वाद सुरू झाला. यजमान म्हणतात, बोटीवर गेल्यावर ही रक्कम बिलातून काढायला लावू आणि ज्याने काम केले त्याच्या हातात स्वतः देऊ. मुलगा म्हणतो, एवढे घेतल्यावर वर एक पैसाही द्यायला नको. सुनेने कोठेतरी वाचले आहे की सूटमधले लोक बटलरला शेकडो डॉलर देतात. मला तर कोणाच्या हातात नोट ठेवायचाच संकोच वाटतो. पैशांऐवजी घरचे लाडू-चिवडा दिला तर चालेल का? आणि आमच्या खोलीवर आपल्याकडचाच एखादा मुलगा असला, तर त्याला अधिक द्यावे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर: सप्रेम नमस्कार.

चाळीस वर्षांच्या संसाराबद्दल आपणा दोघांचे मनापासून अभिनंदन. आपण कंपनीचे नाव लिहिलेले नाही. परंतु सूटसाठी माणशी रोज २५ डॉलर हा दर, दोन वर्षांच्या नातवाची आकारणी नसणे आणि बटलरच्या जोडीला कॉन्सिएर्ज असणे, हे सगळे नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या पद्धतीशी जुळते. त्या कंपनीने साध्या खोलीसाठी माणशी २० आणि सूटसाठी २५ डॉलर असा दर ठेवलेला आहे आणि तीन वर्षांखालील मुलांना तो लागू नाही. म्हणून उत्तर तीच कंपनी धरून लिहिते. कंपनी दुसरी असेल तर एका ठिकाणी फरक पडेल, तो पुढे सांगते.

आपल्याला हवे असलेले उत्तर आधी देते. ७०० डॉलर बिलात आहेत तसेच राहू द्यावेत. बटलर आणि कॉन्सिएर्ज यांना त्या रकमेतून वाटा मिळत नाही, म्हणून त्या दोघांना वेगळे द्यावे, आणि किती द्यायचे ते बोटीवर चढण्याआधी घरीच ठरवावे. आपल्या यजमानांना मात्र एवढ्याने समाधान वाटणार नाही आणि वाटूही नये. त्यांच्या म्हणण्यामागे ‘कष्ट ज्याचे, पैसा त्याचा’ हा सरळ विचार आहे. तो विचार खरा असूनही बोटीवर त्याचा परिणाम नेमका उलटा होतो, आणि तो कसा होतो हे समजल्याशिवाय त्यांनी माझे ऐकावे असे मी म्हणणार नाही.

गोंधळाचे मूळ शब्दातच आहे. या सर्व्हिस चार्जला ग्रॅच्युइटीही म्हणतात. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हटले की निवृत्तीच्या वेळी हातात पडणारी रक्कम डोळ्यांसमोर येते. यजमानांनाही बँकेतून ती मिळाली असेल. अमेरिकी क्रूझ कंपन्यांच्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ टिप असा होतो. टिप म्हटले की आपण तिला बक्षिसीच्या खात्यात टाकतो: हॉटेलातल्या वेटरला बिलाच्या बशीत ठेवायचे वीस-तीस रुपये, नाहीतर दिवाळीची पोस्त. बक्षिसी देणाऱ्याच्या खुशीवर असते, म्हणून ती काढून घेण्याचाही हक्क आपल्याला आहे असे वाटते. बिलातली ही रक्कम मात्र नावापुरतीच ऐच्छिक आहे. व्यवहारात ती पगाराचा भाग आहे. खोल्या आवरणारे, जेवण वाढणारे आणि पडद्यामागे राबणारे अनेक कर्मचारी यांच्या मासिक कमाईचा मोठा हिस्सा, ही रक्कम जेथे जमा होते त्या सामाईक खात्यातून येतो आणि कंपनीने देऊ केलेला मूळ पगार हे गृहीत धरूनच ठरलेला असतो.

असे करणे कंपन्यांना जमते, कारण बोट अमेरिकेच्या बंदरातून सुटत असली तरी ती अमेरिकेची नसते. या कंपन्यांची बहुतेक जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा या देशांत नोंदलेली असतात, त्यामुळे सिॲटलच्या धक्क्यावरच्या हमालाला जो किमान वेतनाचा कायदा लागू होतो तो आपल्या खोलीतल्या मुलाला लागू होत नाही. त्याच्यासाठी आहे तो २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार, ज्याला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्या करारात कामाच्या तासांवर किंवा विश्रांतीच्या तासांवर मर्यादा घालण्याची मुभा जहाजाच्या देशाला आहे. विश्रांतीची अट घेतली तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी किमान ७७ तास विश्रांती मिळाली की नियम पाळला गेला. म्हणजे ९१ तासांपर्यंतचे काम त्या नियमात बसते. साप्ताहिक सुट्टी नाही. सहा-आठ महिन्यांचे कंत्राट संपेपर्यंत हे असेच चालते.

आता यजमानांच्या योजनेकडे येते. माझा मावसभाऊ गुहागरकडचा. आमच्या कोकणात ‘मुलगा बोटीवर आहे’ एवढे सांगितले की पुढे काही विचारावे लागत नाही. गोव्यात तर कित्येक घरांचे छप्पर बोटीवरच्या पैशातून झाले आहे. हा भाऊ नऊ वर्षे एका मोठ्या कंपनीच्या बोटींवर केबिन स्ट्युअर्ड होता. त्याच्याकडे सोळा खोल्या असत. प्रवास संपण्याच्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहापर्यंत जुने प्रवासी उतरत आणि दुपारी एकच्या सुमारास नवे चढू लागत. तेवढ्या तीन तासांत सोळा खोल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, न्हाणीघर, बाल्कनीच्या काचा असे सगळे नव्याने करायचे. घरी आला की त्याच्या बोटांच्या पेरांवर साबणाने पडलेल्या भेगा मावशी तेल लावून चोळत बसे.

त्याने सांगितलेला एक प्रसंग मी विसरलेले नाही. एक वयस्क जोडपे होते, अतिशय प्रेमळ. रोज त्याची चौकशी करत, घरी कोण कोण आहे ते विचारत. शेवटच्या संध्याकाळी त्या गृहस्थांनी त्याला खोलीत बोलावले, दार लावले आणि साठ डॉलर हातात ठेवून म्हणाले, “आम्ही बिलातले पैसे काढून टाकले आहेत, ते कंपनीने का खावेत? हे सगळे तुझे.” भावाने हात जोडून आभार मानले. त्या कंपनीत नियम असा होता की ज्या खोलीने सर्व्हिस चार्ज काढून टाकला असेल, त्या खोलीकडून रोख मिळालेली रक्कम पर्यवेक्षकाकडे जमा करून सामाईक खात्यात घालायची. अशा खोल्यांच्या क्रमांकांची यादी त्याच रात्री स्ट्युअर्डांच्या खोलीत लागत असे. भावाने साठही डॉलर जमा केले. त्या दोघांचा सात दिवसांचा सर्व्हिस चार्ज त्याच्या दुपटीहून अधिक होता, म्हणजे खाते भरले ते अर्धेही नाही. ते गृहस्थ मात्र त्याचा खांदा थोपटून, आपण एका गरीब मुलाचे भले केले या समाधानात बोटीवरून उतरले. त्यांना खरे सांगण्याची भावाला मुभा नव्हती आणि सांगवलेही नसते.

हा नियम एकाच कंपनीचा नाही, अनेक ठिकाणी तो या ना त्या स्वरूपात आहे. जेथे नाही तेथेही खोलीत दिसणाऱ्या एका माणसाला रोख दिल्याने न दिसणाऱ्यांचा वाटा बुडतोच. आपली चादर धुणारा माणूस जहाजाच्या तळाशी धुलाईघरात असतो आणि सात दिवसांत त्याचे तोंडही आपल्याला दिसत नाही. ताटे विसळणारा, मध्यरात्री जिने पुसणारा, हेही तसेच. यजमानांना खरोखर ‘ज्याने काम केले त्याला’ द्यायचे असेल, तर या माणसांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग आपल्या हातात नाही.

कर्मचाऱ्यांचा पगार कंपनीने द्यावा, तो प्रवाशाच्या बिलात वेगळी ओळ घालून का वसूल करावा, असे यजमान विचारतील. मलाही हे पटत नाही. जाहिरातीत भाडे कमी दिसावे आणि पगाराचा बोजा ‘ऐच्छिक’ म्हणून प्रवाशावर टाकावा, ही पद्धत मला अप्रामाणिक वाटते. ती बदलता येते हे ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने दाखवले आहे. त्यांनी २०१९ मध्ये रोजची आकारणी बंद करून ती भाड्यातच धरली. रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबॉर्न या महागड्या कंपन्यांतही ती भाड्यात समाविष्ट असते. तेव्हा कंपनीला या पद्धतीबद्दल खरमरीत पत्र जरूर लिहावे, पुढच्या वेळी ज्या कंपनीत सर्व समाविष्ट आहे तिचे तिकीट काढावे. पण आपली नाराजी स्ट्युअर्डच्या पगारातून वळती करून घेऊ नये, कारण ही पद्धत त्याने आणलेली नाही आणि ती बदलणे त्याच्या हातात नाही.

आता सूटविषयी. आपल्या चिरंजीवांचा समज असा दिसतो की सूटसाठी दिवसाला माणशी पाच डॉलर अधिक घेतले, त्याअर्थी बटलरची सोय त्यातच झाली. हा समज फार लोकांचा असतो आणि तो अगदी साहजिक आहे. परंतु नॉर्वेजियन क्रूझ लाइनने आपल्या प्रवाशांना स्पष्टच सांगून ठेवले आहे की बटलर, कॉन्सिएर्ज आणि मुलांच्या विभागातील कर्मचारी हे मोजक्याच प्रवाशांना सेवा देत असल्याने त्यांना या सामाईक रकमेचा लाभ मिळत नाही आणि त्यांची सेवा आवडल्यास त्यांना वेगळे द्यावे. म्हणजे जो माणूस आपल्यासाठी सर्वांत जास्त धावेल, त्याच्यासाठी आपल्या ७०० डॉलरांत काहीच नाही. चिरंजीवांना एवढेच वाक्य वाचून दाखवावे. त्यांचा आक्षेप हिशेबाचा आहे, तो हिशेबानेच मिटेल.

कंपनी बदलली की पडणारा फरक तो हाच. सेलिब्रिटी क्रूझेसमध्ये सूटच्या चढ्या दरात बटलरचा वाटा धरलेला असतो, त्यामुळे तेथे वरचे देणे ही खरोखर खुशीची बाब राहते. रॉयल कॅरिबियनमध्ये साधी खोली आणि सूट यांच्या दरात माणशी रोज अडीच डॉलरांचा फरक असतो. तेथे सर्वांत वरच्या दर्जाच्या सूटला ‘रॉयल जिनी’ या नावाचा खास सेवक मिळतो. त्या प्रवाशांचा नेहमीचा सर्व्हिस चार्ज भाड्यातच भरलेला असला तरी जिनीला वेगळे देण्याचा प्रघात आहे. म्हणून कंपनी कोणतीही असो, मुलाने आरक्षण करणाऱ्या एजंटला एकच प्रश्न विचारावा: “या रकमेतून बटलरला मिळते का?”

किती द्यावे? कोणत्याही कंपनीने यासाठी सक्तीचा आकडा ठरवून दिलेला नाही, त्यामुळे मी सांगते ते माझे मत समजावे. बटलरला संपूर्ण सूट मिळून दिवसाला पंधरा ते वीस डॉलर, म्हणजे सात दिवसांचे शंभर ते दीडशे डॉलर, हे तुमच्यासारख्या कुटुंबाला शोभेल असे आणि त्यालाही मान वाटेल असे आहे. आपल्याबरोबर दोन वर्षांचे मूल आहे हे लक्षात घ्यावे. वेळी-अवेळी दूध कोमट करून हवे असेल, त्याच्यासाठी मऊ भात आणि साधे वरण खोलीवर मागवायचे असेल, जेवणाच्या वेळा त्याच्या झोपेप्रमाणे बदलाव्या लागतील. हे सगळे तो बटलर हसतमुखाने करेल आणि ते मोजले तर दीडशे जास्त होत नाहीत. कॉन्सिएर्जचे काम निराळे असते. आरक्षणे, उतरण्या-चढण्याच्या रांगा टाळणे, बंदरावरच्या सहलींच्या अडचणी अशा गोष्टी तो पाहतो. त्याने आपले एखादे अडलेले काम केले तर पन्नास डॉलर द्यावेत. नुसता नमस्कार-चमत्कारापुरता संबंध आला असेल तर वीसही पुष्कळ झाले. खोली आवरणाऱ्या स्ट्युअर्डला सामाईक खात्यातून मिळते, तरी लहान मूल असलेल्या खोलीत सांडलवंड अधिक होते, म्हणून तीस-चाळीस डॉलर वरून द्यावेत असे मला वाटते. नातवाला मुलांच्या विभागात नेलेत आणि तेथील मुलीने त्याला लळा लावला, तर तिला विसरू नये. तिलाही त्या खात्यातून काही मिळत नाही.

म्हणजे सगळे मिळून अडीचशे डॉलरांच्या आसपास. सूनबाईंनी वाचलेले ‘शेकडो डॉलर’ खोटे नाहीत, तसे देणारे लोक असतात, पण त्यांच्याशी बरोबरी करण्याचे काही कारण नाही. कोणी पाचशे दिले म्हणून आपल्या शंभराची किंमत बटलर कमी करत नाही. ‘बरे दिसणार नाही’ या धास्तीने दिलेला पैसा देणाऱ्याला सात दिवस बोचत राहतो, आणि आपल्या आनंदाच्या प्रवासात तसे व्हावे अशी माझी इच्छा नाही.

बोटीवरच्या पावत्यांकडे मात्र लक्ष असू द्यावे. पेये, खास उपाहारगृहांतील जेवण आणि स्पा यांच्या बिलात या कंपनीत २० टक्के आकार आधीच मिळवलेला असतो. तरीही सही करायच्या पावतीवर वरच्या टिपसाठी एक रिकामी ओळ ठेवलेली असते आणि आपली माणसे संकोचाने तेथे काहीतरी आकडा लिहून मोकळी होतात. ती ओळ रिकामी ठेवून सही केली तर त्यात कोणाचा अपमान नाही. तसेच माणशी २५ डॉलरांची रक्कम प्रवासापूर्वीच भरून टाकता येते. भरावी, असा माझा आग्रह आहे. कारण एक तर मध्येच दर वाढला तरी आपल्याला शक्यतो जुनाच दर राहतो, आणि दुसरे म्हणजे बोटीवर दररोज खात्यात वाढणारा तो आकडा पाहून यजमानांच्या मनात वाद नव्याने सुरू होणार नाही.

आपल्याला नोट हातात ठेवण्याचा संकोच वाटतो, हे मी समजू शकते. वर्गात मुलांना ‘कोणाला कमी लेखू नका’ असे आयुष्यभर शिकवलेल्या बाईंना पैसे देताना आपण देणारे आणि तो घेणारा ही पायरी खुपणारच. त्यावर माझा उपाय असा आहे की पाकीट करावे आणि त्यात चार ओळींची चिठ्ठी घालावी. चिठ्ठी इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात, त्याच्या नावाने. नाव विचारावे लागत नाही. छातीवरच्या पट्टीवर नाव आणि बहुतेक ठिकाणी देशही लिहिलेला असतो. ‘आपण फार चांगले आहात’ असे मोघम लिहिण्यापेक्षा त्याने नेमके काय केले ते लिहावे: ‘तिसऱ्या रात्री बाळाला ताप आला तेव्हा आपण दोनदा येऊन विचारपूस केलीत.’ आणि हीच गोष्ट, त्याच्या नावासह, कंपनीकडे अभिप्राय म्हणूनही लिहून द्यावी. माझ्या भावाला दुसऱ्या कंत्राटात बढती मिळाली ती प्रवाशांनी नाव लिहून दिलेल्या अशा अभिप्रायांवर. पाकिटातली नोट खर्च झाली, ते कागद मात्र त्याच्या नोंदीत राहिले.

पाकीट शेवटच्या सकाळी देऊ नये. त्या सकाळी बटलर आणि स्ट्युअर्ड दोघेही पुढच्या प्रवाशांच्या तयारीत बुडालेले असतात, आपल्या बॅगाही आदल्या रात्रीच बाहेर गेलेल्या असतात आणि उतरण्याच्या गडबडीत तो माणूस सापडतच नाही. आदल्या संध्याकाळी, तो काही घेऊन खोलीवर येईल तेव्हा, आपण स्वतः उभे राहून द्यावे. यजमानांनीही सोबत असावे. त्यांची इच्छा स्वतःच्या हाताने देण्याची होती, ती येथे पूर्ण होते. पहिल्याच दिवशी थोडे देऊन ठेवले तर सेवा चांगली मिळते, असेही सांगणारे भेटतील. तसे केल्यास चूक नाही, पण मला ते आवडत नाही. त्यात आभारापेक्षा सौदा जास्त आहे.

सेवा खरोखरच वाईट मिळाली तर? बटलर दोन दोन तास फिरकला नाही, सांगितलेले विसरला, असे झाल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कॉन्सिएर्जला सांगावे. तो माणूस बदलूनही देतात. शेवटपर्यंत मनात ठेवून अखेर पाकीट रिकामे ठेवले, तर आपले दिवसही वाया जातात आणि त्याला आपली चूक काय झाली हे कळतही नाही. बटलरच्या पाकिटात कमी घालण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्याच्या चुकीसाठी बिलातले ७०० डॉलर कमी करू नयेत, कारण ते त्याचे नाहीतच.

लाडू-चिवड्याविषयी लिहिताना मला वाईट वाटते, कारण आपल्या मनातली भावना त्यातच सर्वांत खरी उतरली असती. परंतु घरी केलेले खाद्यपदार्थ बोटीवर नेऊ देत नाहीत. कारखान्यातून बंद होऊन आलेली पाकिटे चालतात. ठाण्यातून भाकरवडीची दोन सीलबंद पाकिटे नेऊन बटलर आणि स्ट्युअर्ड यांच्या हातात दिलीत तर ते आनंदाने घेतील. ती पैशांच्या सोबत द्यावीत, पैशांऐवजी नव्हे. त्याच्या घरी दर महिन्याला मुलीच्या शाळेची फी जायची असते, ती भाकरवडीतून भरता येत नाही.

आपल्याकडचा मुलगा भेटण्याची शक्यता चांगली आहे. मुंबई, गोवा आणि कोकणातली पुष्कळ मुले या बोटींवर आहेत. भेटला तर अवश्य मराठीत बोलावे, गाव विचारावे. सहा महिन्यांत ज्याच्या कानावर आपली भाषा पडलेली नाही, त्याला ‘जेवलास का रे?’ एवढे कोणी विचारले तरी पुरते. त्याच्या कामाच्या वेळेत फार वेळ थांबवू नये, कारण पर्यवेक्षक पाहत असतो. आणि ‘आपलाच आहे’ म्हणून त्याच्याकडून नियमाबाहेरची कामे करून घेऊ नयेत. आपली माणसे प्रेमाच्या हक्काने तेवढे नेमके करतात आणि नाही म्हणणे त्याला जड जाते. पैशांच्या बाबतीत मात्र काम पाहून द्यावे. शेजारच्या खोलीतला फिलिपाइन्सचा किंवा इंडोनेशियाचा मुलगाही घरापासून तेवढाच दूर आहे. आपल्या सूटचे काम तो करत असेल तर त्याला कमी आणि आपल्याकडच्याला जास्त, असा भेद आपल्याला स्वतःलाच पटणार नाही.

बोटीबाहेरचे थोडे. सिॲटलच्या धक्क्यावर बॅगा घेणारे हमाल बोटीचे कर्मचारी नसतात. त्यांना बॅगेमागे एक-दोन डॉलर देण्याची रीत आहे. अलास्कातल्या जुनो बंदरावर उतरून बसने हिमनदी पाहायला गेलात तर चालकाला, आणि वाटाड्या वेगळा असल्यास त्यालाही, उतरताना माणशी चार-पाच डॉलर द्यावेत.

एक गोष्ट आपण पत्रात लिहिलेली नाही, तरी मला ओळींमधून ती जाणवली. सगळा खर्च मुलगा करतो आहे आणि त्यात आपलाही काही हात असावा असे आपल्याला वाटते आहे. तसे असेल तर बिलातले ७०० डॉलर त्याला भरू द्यावेत आणि पाकिटांतले अडीचशे डॉलर आपण दोघांनी आपल्या निवृत्तिवेतनातून न्यावेत. ते ठाण्यातूनच, बँकेतून किंवा परकीय चलनाच्या अधिकृत दुकानातून घ्यावेत, आणि घेतानाच पाच, दहा व वीसच्या नोटा सांगून ठेवाव्यात. आधी सांगितले नाही तर बहुधा शंभराच्याच हातात पडतात.